पायाळू मामा आणि मणक्यातली गादी

माझा देवजीमामा भर उन्हाळ्यात उजव्या पायात लोकरीचा मोजा घालून हिंडायचा. डावा पाय उघडा, भेगांचा, शेणामातीचा. उजवा मात्र मोज्यात, आणि वाटेत चिखल असला तर मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, सुतळीने बांधलेली. तलासरीच्या बाजारात एखादा नवखा माणूस कळवळून विचारायचा, "काका, पायाला काय झालं?" मामा त्याच्याकडे दया आल्यासारखं बघायचा.

"झाला काय नाय. कामाचा पाय हाय तो."

हे काम काय होतं ते सांगते. पण आधी आमच्या घराचं सांगावं लागेल, कारण त्या पायाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आमच्याच घरात होतं. माझी आई.

उधव्याच्या पुढे, डोंगराला चिकटून आमचा पाडा. पावसात भात, वरच्या उतारावर नागली, आणि ते संपलं की जे मिळेल ते काम. वडील पावसाळा सोडून बाकी सगळे महिने गुजरातच्या बोटींवर खलाशी. म्हणजे घरात आई आणि आम्ही भावंडं. आई गवत कापायची आणि भारे डोक्यावरून खाली रस्त्यापर्यंत उतरवायची. भारा इतका मोठा असायचा की समोरून बघितलं तर गवताला दोन पाय फुटलेत असं वाटायचं. मग कधीतरी तिच्या कमरेत उसण भरायची. भरली की ती वाकलेली तशीच राहायची. तशा पाठीने ती चुलीसमोर गुडघ्यांवर बसून, भिंतीला कपाळ टेकून भाकरी थापायची. भाकरी थापताना कपाळ भिंतीला का टेकायचं हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. मला वाटायचं भाकरी तशीच करतात.

दवाखाना लांब. जवळ होता तो तिचा भाऊ, एका उताराच्या पलीकडे. आणि तिचा भाऊ पायाळू होता.

जन्मताना ज्याचं डोकं न येता पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे मानतात. आमच्याकडेच कशाला, मुंबईतही चांगल्या शिकलेल्या बाईच्या तोंडून मी हे ऐकलं आहे, फक्त ती ते हळू आवाजात सांगत होती. मामाचं त्यातही पुढचं म्हणणं होतं. त्याचे दोन्ही पाय सारखे नव्हते. उजवा आधी आला होता.

"डावा नुसता मागून आला," तो म्हणायचा. "त्याला कसला मान? त्यानं चिखल तुडवायचा."

आणि डाव्याने तो खरंच तुडवला. मामा डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत हमाली करायचा. चिकूने भरलेल्या पेट्या पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत जायचं, रिकाम्या पाठीने परत यायचं, पुन्हा वाकायचं. पाठ आईची काय, त्याची काय, सारखीच वापरली जायची, पण त्याच्या डोक्यात हिशेब पायांचा होता. पाठीचा त्याने कधी विचारच केला नाही. दुसऱ्यांच्या पाठी बघण्यात त्याचा सगळा वेळ जायचा.

पाय लावायचा दिवस म्हणजे सुट्टीचा. दुपारी माणसं यायची. मामा ओट्यावर गोधडी अंथरायचा, पेशंटला पालथं घालायचा, मोजा काढून उजवा पाय तांब्याभर पाण्याने धुवायचा आणि फुंकर मारून वाळवायचा. मग लाथ नाही, दाबणं नाही, नुसतं पाऊल कमरेवर टेकवायचं. टेकवून डोळे मिटायचे. कोणी विचारलं, "मामा, काय वाटतं?" तर ठरलेलं उत्तर: "मना इचारू नको. पाय बोलतो, मी नाय."

पाय काय बोलायचा ते कधी कळलं नाही. पण त्यानंतर एक नियम होता आणि तो कडक होता. ओट्यावरचं ऊन सरकत सरकत उखळापर्यंत येईपर्यंत पेशंटने उठायचं नाही. कोणी हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही. हाक मारली की गुण गेला. सासू आली, नवरा आला, रडणारं पोर आलं तरी मामा काठी आडवी धरून पायरीवर बसलेला. "ऊन उखळाला लागला कं? नाय ना? मंग जा."

एकदा डहाणूहून एक मास्तर आले. गाडीतून, इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको. गॅसचं सिलिंडर उचलताना पाठ धरली होती. बायको आल्यापासून म्हणत होती, "अहो, हे काय काहीतरीच, डॉक्टरकडे जाऊ." मास्तर कळवळत म्हणत होते, "अगं, गप बस, जाऊन आलोय." पालथे झाले. मामाने पाय टेकवला. आणि मास्तरांच्या खिशातून काढून ठेवलेला मोबाइल वाजला. मास्तरांनी हात लांबवला, त्याआधी मामाने उचलला.

"साहेब पालथे हायेत," मामा फोनमध्ये ओरडला. "ऊन उखळाला लागला कं उठतील."

पलीकडे शिक्षण खात्यातले कोणी वरचे साहेब होते. मास्तर "अहो द्या, अहो द्या तो" म्हणत उठायला लागले, तसा मामाने धुतलेला पाय पुन्हा त्यांच्या कमरेवर ठेवला.

"आता उठलात तर गुण गेला. मंग ह्या फोनवाल्यालाच घेऊन या, त्याला पन घालतो पालथा."

मास्तर चार-सहा दिवसांत सरळ चालायला लागले. बहुतेक उसण तशीही आपोआप जाते. पण श्रेय पायाला मिळालं आणि मामाने नवा मोजा आणला.

मामाचं लग्न झालं नाही. पायाळू माणसावर वीज पडते असंही आमच्याकडे मानतात, त्यामुळे पाय लावून घ्यायला सगळा पाडा यायचा, पण त्या छपराखाली पोरगी नांदायला द्यायला कोणी तयार नव्हतं. मामा ते हसून सांगायचा. "बायको नाय भेटली. वीज मातर अजून शोधते मना." ढग गडगडले की तो खाटेखाली जाऊन बसायचा आणि तिथून गप्पा मारायचा.

आता माझं. मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र. घरातली पहिली, पाड्यातली पहिली. हे मी दर दोन वाक्यांनी सांगते असं माझी एक मैत्रीण म्हणते. सांगणारच. ज्यांच्या आजोबांची पदवी भिंतीवर लावलेली असते त्यांनी नाही सांगितलं तरी चालतं. आश्रमशाळा, मग डहाणूला कॉलेज, आणि मग मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरी. तिथे काम कसलं, तर मणक्यांच्या मधल्या गादीचं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गादीचे तुकडे आमच्याकडे येतात. त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांना खाऊ घालायचं आणि त्या कशाने बिघडतात ते बघायचं. हे काम मी मुद्दाम मागितलं नव्हतं, जागा होती म्हणून मिळालं. पण भिंतीला टेकलेलं ते कपाळ मला आठवलं, आणि मी त्या दिवशी फार खूश होते.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा मामा मोज्यासकट हजर.

"म्हंजे तू पाठी पाळतेस?"

"पाठी नाही मामा. पेशी. गादीतल्या."

"केवढ्या?"

"डोळ्याला दिसत नाहीत."

"दिसत नायत, तरी पाळतेस. खायाला काय घालतेस?"

"साखरेचं पाणी. आणि वासराच्या रक्तातलं पाणी."

मामा उठून उभाच राहिला. "वासराच्या? मुंबईत? शिकलेल्या लोकांत?" मग आईकडे वळून, "ऐकलास कं जानी? आनि अडानी मना म्हनतात."

आई म्हणाली, "खातेस ना तू नीट?" तिला पेशींचं काही पडलं नव्हतं.

पण मामा सोडणारा नव्हता. त्याने सगळं विचारून घेतलं, आणि मी अंगणात काडीने काढून दाखवलं. दोन मणके. मधे गादी. गादीच्या आत मऊ गर, पाणी धरून ठेवणारा. त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कडी. वर आणि खाली कूर्चेची पातळ चकती. गरात थोड्याशाच पेशी, एकमेकींपासून लांब लांब. त्याच हा गर बनवतात, जुना झालेला मोडतात, नवा घालतात. आणि गंमत अशी, की रक्त त्यांच्यापर्यंत जातच नाही. रक्ताच्या नळ्या हाडाशी येऊन थांबतात. पुढे अन्न झिरपत झिरपत, चकतीतून, मिळेल तेवढं.

मामा उकिडवा बसून बघत होता. "म्हंजे रस्ता नाय."

"नाही."

"आपल्या पाड्यावानीच. गाडी खाली थांबते, पुढं डोक्यावरून." त्याला ते एकदम पटलं. "मंग त्या मरतात कशानं?"

"वय झालं, ओझं झालं, विडी ओढली, आणि बरंचसं आईबापांकडून येतं. ती चकती कडक होते. अन्न झिरपणं कमी होतं. आतली घाण बाहेर जात नाही, तिथे आंबटपणा साठतो. काही पेशी मरतात. काही मरत नाहीत, पण म्हाताऱ्या होतात. त्या काम करायचं थांबवतात, नव्या पेशी जन्माला घालत नाहीत, नुसत्या बसून राहतात आणि असले रस सोडतात की शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. मग गर बनण्यापेक्षा मोडण्याचं काम जास्त. गर पाणी सोडतो. गादी चपटी होते. कडी फाटतात, आणि जिथे नसा नव्हत्या तिथे नसा शिरतात. मग दुखतं."

"मरत नाय, काम करत नाय, आनि बाजूच्याला बिघडवतात," मामा म्हणाला. "असला तर मी ओळखतो. बाजारात पिंपळाखाली बसतात." मग स्वतःच, "मी पन त्यांच्यातलाच आता."

"तू कसला, तू तर काम करतोस."

"करतो ना," तो पटकन म्हणाला आणि मोज्यावरची धूळ झटकली.

पुढच्या सुट्टीत आले तर पाड्यात सगळ्यांच्या तोंडी पेशी. मामाने पायाच्या जोडीला शास्त्र घेतलं होतं. पालथ्या पडलेल्या बाईला तो दम द्यायचा, "गप पड. तुज्या पेशी उपाशी हायेत." विडी ओढणाऱ्याला ओट्यावर चढू द्यायचा नाही, "आधी पेशींचा धूर थांबव," आणि हे सांगताना स्वतःची विडी कानावर. कोणी शंका काढली तर माझं नाव. "आमची बाय मुंबईला पाळते. वासराचा रगत पाजते. तुला काय ठाऊक?"

मी चिडले. "मामा, तू पाय लावल्याने पेशींना काही मिळत नाही. माझं नाव घालू नकोस त्यात."

"पाय लावून नाय मिळत," तो शांतपणे म्हणाला. "पडून मिळत ना? तूच सांगितलास, मानूस आडवा झाला, ओझा उतरला, कं गादी पानी शोषते. मंग?"

सांगितलं होतं. ते खरंही आहे. पण झिजून गेलेल्या गादीला तेवढ्याने काही होत नाही, हेही मी सांगितलं होतं. ते त्याने ऐकलं नव्हतं.

मग एका दिवाळीला मी घरी आले आणि मामाच्या ओट्यावरून एक वेगळा आवाज ऐकला. थप्. थप्. तो आतून पाणी आणत होता, आणि उजवं पाऊल जमिनीवर टेकत नव्हतं, पडत होतं. टाच आधी नाही, बोटं आधी नाहीत, अख्खं पाऊल ओल्या फडक्यासारखं. गुडघा वर उचलून, मोरासारखा चालत होता. मोजे दोन होते, एकावर एक.

"कधीपासून?"

"पाय रुसला हाय," मामा म्हणाला.

पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पाय रुसला. कामाच्या पायाचा कोणीतरी अपमान केला असणार, किंवा विटाळ झाला असणार. भगताने तसंच सांगितलं होतं. तेव्हापासून, मी मुंबईत असताना, सगळा पाडा त्या पायाच्या मागे लागला होता. कोणी गरम रेतीने शेकत होतं. कोणी मोहाच्या बियांचं तेल आणून चोळत होतं. बायकांनी पायासमोर नारळ फोडले, हळद लावली. मामा खाटेवर पाय लांब करून बसायचा आणि सगळे त्या पायाशी बोलायचे. कित्येक महिने त्या पायाची जेवढी सेवा झाली तेवढी आमच्या पाड्यात कोणा माणसाची झाली नसेल. पाठीकडे कोणी बघितलं नाही. कोण बघणार? दुसऱ्याच्या पाठी बऱ्या करणाऱ्याची पाठ दुखते, असं कोणाच्या मनातच आलं नाही.

मी त्याचा सदरा वर केला. कमरेची एक बाजू लाकडासारखी घट्ट, आणि तो एका अंगाला झुकलेला.

"इथे दुखतं?"

"दुखत होता. आता पायात उतरला."

"कधीपासून दुखत होतं?"

त्याने आजूबाजूला बघितलं, कोणी नाही याची खात्री केली. "चिकूचा मागचा हंगाम, त्याच्या पन मागचा. बोलू नको कोनाला. पायाळूची पाठ दुखते म्हंजे काय? लोक काय म्हनतील?"

पायात काही बिघडलं नव्हतं. गादी फुटून मागे सरकली होती आणि पायाकडे जाणारी नस तिथे चिरडली जात होती. नस चिरडली की पाऊल उचलणारे स्नायू झोपतात. लवकर मोकळी केली तर जागे होतात. उशीर केला तर नाही. रेती, तेल आणि नारळ यांत तो वेळ गेला होता.

वापीला नेलं. आमच्याकडचे सगळे तिकडेच जातात, जवळ पडतं. जीपमध्ये मामा मधल्या सीटवर, त्याचं पाऊल माझ्या मांडीवर. एमआरआयच्या खोलीबाहेर त्यांनी करगोटा सोडायला लावला, मोजे काढायला लावले. करगोटा त्याने दिला. मोज्यांसाठी तो तिथल्या बाईशी गुजरातीत भांडला. शेवटी मी मोजे हातात धरून बाहेर उभी राहिले तेव्हा आत गेला. बाहेर आला तो चिडूनच.

"आत कोनतरी पत्रे ठोकतो. मानूस दिसला नाय."

डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. फोटो उजेडावर धरला. वरच्या गाद्या राखाडी, खालच्या दोन काळ्या ठिक्कर, आणि त्यांतली एक मागे फुगलेली. मामाने पुढे वाकून बघितलं.

"ह्या दोन मेल्या? पेशी किती शिल्लक असतील?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी त्यातच काम करते." ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. त्यांनी सांगितलं, ऑपरेशन करून नस मोकळी करू. कळ जाईल. पावलाचं सांगता येत नाही, फार उशीर झालाय, फार आशा धरू नका.

बाहेर बाकावर आम्ही दोघं. मामाने माझ्याकडून मोजे मागून घेतले. मग हळूच, लहान मुलाने काही मागावं तसं:

"बाय, तुझ्या बशीतल्या देशील कं थोड्या?"

"काय?"

"पेशी. तू पाळतेस त्या. जिवंत असतात ना? तिथं घालायच्या. डाक्टरला सांगू आपन."

प्रयोगशाळेत पाहुणे येतात, तेही हेच विचारतात, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे छान उत्तर आहे. मामासाठी नव्हतं.

"तसं अजून जमत नाही मामा. जगभर लोक करून बघतायत. पण तिथे अन्नच पोचत नाही, आंबट झालंय सगळं. चांगल्या पेशी घातल्या तर त्याही उपाशी मरतील. आणि पेशी घालून चिरडलेली नस काही परत येत नाही."

"मंग तू शिकलीस कशाला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्या का मरतात ते कळावं म्हणून."

"कळला?"

"थोडं कळलं."

"मरायच्या थांबल्या?"

"नाही."

"बेस," मामा म्हणाला.

एवढी वर्षं मी पदवी छातीवर लावून फिरले. त्या बाकावर मला ती कुठे ठेवावी ते कळेना. आई अजून वाकून चालते. तिच्याही दोन गाद्या अशाच काळ्या असणार, फोटो काढायची गरजच नाही. आणि मी रोज स्टुलावर वाकून ज्या पेशींना जपते त्यांना त्यांच्या गादीत परत ठेवायची सोय अजून कोणाकडे नाही.

"आईबापाकडून येतो बोललीस ना तू?" मामाने विचारलं. "म्हंजे जानीची पाठ आनि माझी पाठ एकच. मंग तुझी पन."

"असेल."

"मंग तुझ्या पाठीला पाय कोन लावील?"

मी म्हटलं, "मामा, पायाने काही होत नसतं."

"नसता," तो म्हणाला. इतक्या सहज, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पायात काय नव्हता बाय. मना पयल्यापासून ठाऊक हाय. पाय कवा बोलला नाय माझ्याशी."

"मग इतकी वर्षं?"

तो हातातल्या मोज्याची टोकं ओढत राहिला. "तुझी आय पयल्यांदा आली ना पाठ धरून, तवा मी पाय लावला. लोक म्हनायचे म्हनून लावला. ती तिथंच निजली. दिवसाउजेडी. घोरायला लागली. लग्न झाल्यापासून ती दिवसा निजलीच नव्हती. मी बसून ऱ्हायलो, कोन उठवायला नको म्हनून. मंग दुसऱ्या बायका आल्या. त्या पन निजत. ऊन लवकर आत यायला लागला तर मी वळचनीला पोता टांगायचो. येऊ दे हळूहळू." तो थोडा हसला. "ओट्यावर मानसा निजलेली असली ना, कं घर भरल्यावानी वाटतो. मी पायरीवर बसायचो. मागं सगळ्यांचा श्वास ऐकू यायचा. आता पाय गेला म्हंजे कोन येल माझ्याकडं?"

आतून नाव पुकारलं. मी त्याला उठायला हात दिला.

ऑपरेशन झालं. नस मोकळी झाली. पाऊल उचलून धरायला प्लास्टिकची पट्टी दिली, ती त्याने काही दिवस वापरली आणि मग भिंतीला टांगली. व्यायाम केले, म्हणजे आई समोर बसली तर केले. मोजा घालायचं त्याने सोडून दिलं. दोन्ही पाय उघडे, दोन्ही धुळीचे.

आणि माणसं यायची थांबली. वाईट कोणी वागलं नाही. वाटेवरून हाक मारायचे, "बेस हाय ना मामा?" तोही म्हणायचा, "बेस." पण ज्याचा पाय मेला त्याच्याकडे पाठ घेऊन कोण जाणार? पाड्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. उसण भरलेल्या बायका आता वाकलेल्याच भारे उतरवतात. पायाने काही होत नव्हतं हे मी पदवीवाली त्यांना सांगू शकते. पण निजायला दुसरी जागा मी त्यांना दाखवू शकत नाही.

मागच्या महिन्यात मी घरी होते. आई आणि मी मामाकडे गेलो. आईच्या डोक्यावर फाट्यांची मोळी होती, ती तिने अंगणात टाकली, कमरेवर हात ठेवला आणि ओट्यावर पालथी पडली.

"पाय लाव."

"जानी, मेला हाय तो."

"लाव बोलते ना."

मामा तिच्या शेजारी पाटावर बसला. दोन्ही हातांनी उजवा पाय गुडघ्याखाली धरून उचलला, एखादं जड लाकूड उचलावं तसा, आणि तिच्या कमरेवर ठेवला. मग तोंड दुसरीकडे फिरवून विचारलं,

"लागला कं? मना कळत नाय."

आईचं तोंड हातांत होतं. "लागला," ती म्हणाली. "जरा वर घे."

त्याने हातांनीच तो जरा वर सरकवला.

ऑपरेशनने मामाची कळ गेली. पाऊल परत आलं नाही, आता येणारही नाही. काठी घेऊन तो विहिरीपर्यंत एकटा जातो आणि एकटा परत येतो.